अलार्म आला, तिकीट उघडायचं का? एनओसीत नव्यानं येणाऱ्यांसाठी

एनओसीत, म्हणजे नेटवर्क ऑपरेशन सेंटरमध्ये, नवीन आलेल्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगते: स्क्रीनवरच्या प्रत्येक ओळीचं तिकीट होत नसतं. इव्हेंट, म्हणजे काहीतरी घडल्याची खबर, उपकरण पाठवतं. तिकीट, म्हणजे बिघाडाची नोंद, माणूस लिहितो आणि दुसऱ्या माणसाला ते वाचून काम करायचं असतं. या दोन्हींच्या मधला निर्णय हेच आपलं काम. लाल झालं की उघड, हिरवं झालं की बंद कर, एवढं तर सॉफ्टवेअरलाही करता येतं.

एक फायबर केबल तुटली असं धरा. दोन्ही टोकांचे राउटर 'लिंक डाऊन'चा ट्रॅप (उपकरणानं आपणहून दिलेली सूचना) पाठवतात आणि तीच गोष्ट सिसलॉगमध्ये, म्हणजे उपकरणाच्या नोंदवहीत, वेगळ्या शब्दांत लिहितात. मॉनिटरिंग सर्व्हरच्या पुढच्या पोलिंगमध्येही (ठरावीक वेळानं होणाऱ्या विचारपुशीत) पोर्ट बंद सापडतो. पलीकडचे स्विच पिंगला उत्तर देईनासे होतात. मध्ये ट्रान्समिशनचं उपकरण असेल आणि राउटरचा पोर्ट चालूच दिसत राहिला, तर प्रकरण आणखी लांबतं. राउटर एकमेकांना रस्ते कळवायला ओएसपीएफ आणि बीजीपी हे प्रोटोकॉल वापरतात. सर्वसाधारण सेटिंगमध्ये ओएसपीएफ ४० सेकंद शेजारच्या राउटरचा हॅलो संदेश आला नाही की त्याला सोडून देतं, आणि सिस्को राउटरवर बीजीपीचा होल्ड टाइम, म्हणजे शेजाऱ्याची वाट पाहण्याची मुदत, मुळात १८० सेकंदांचा असतो. म्हणजे एकाच केबलची खबर तीन मिनिटं वेगवेगळ्या तोंडांनी येत राहते. त्यातल्या 'बीजीपी डाऊन' या शेवटच्या ओळीवर तिकीट उघडलं, तर ते राउटिंगवाल्यांकडे जातं आणि तुटलेल्या केबलकडे कुणी बघतच नाही.

म्हणून यादी वेळेनुसार लावा, सर्वात आधीची ओळ शोधा आणि बाकीच्या त्याच तिकिटाला जोडा. नागिऑस या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये उपकरणांचे पेरेंट (ज्यांच्यातून तिथवर पोचायचं ती अलीकडची उपकरणं) नीट भरले असतील, तर मागची उपकरणं 'डाऊन'ऐवजी 'अनरीचेबल' दिसतात. ओपनएनएमएस हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर एकसारखे इव्हेंट रिडक्शन की या ओळखखुणेच्या आधारे एका अलार्ममध्ये गोळा करतं. ही मदत मोठी आहे, पण ती कुणीतरी भरलेल्या माहितीवरच उभी असते. शिवाय वेळेच्या क्रमावर विश्वास ठेवायचा तर उपकरणांची घड्याळं एनटीपीनं, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या प्रोटोकॉलनं, जुळलेली हवीत. एखाद्या स्विचचं घड्याळ दोन मिनिटं पुढे असेल, तर कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झालेली दिसते.

ट्रॅप यूडीपीवरून, १६२ पोर्टवर येतो. तो पोचला का, याची पावती पाठवणाऱ्याला मिळत नाही. ज्या उपकरणाकडे जाणारा एकुलता रस्ताच तुटला, त्याचा ट्रॅप येणार तरी कुठून? त्यामुळे एखाद्या साइटवरून काहीच येत नाही म्हणून ती ठीक आहे असं धरू नका. उलटही घडतं: बिघाड दुरुस्त होतो, पण 'लिंक अप'चा ट्रॅप वाटेत हरवतो आणि अलार्म लालच राहतो. दोन्ही वेळी उपकरणावर लॉगिन करून स्वतः बघणं हाच उपाय.

'उपकरण रीबूट झालं' या अलार्मबाबत मी विशेष आग्रही आहे. एसएनएमपी या देखरेखीच्या प्रोटोकॉलमधला सिस्टिम अपटाइम (सुरू झाल्यापासूनचा वेळ) सेकंदाच्या शंभराव्या भागांत, ३२ बिटांच्या आकड्यात मोजला जातो. तो आकडा सुमारे ४९७ दिवसांनी भरतो आणि शून्यावर येतो. राउटर शांतपणे चालू असतो, पण मॉनिटरिंगला वाटतं तो आत्ताच सुरू झाला. तिकीट उघडण्याआधी राउटरचा स्वतःचा अपटाइम आणि शेवटच्या रीबूटचं कारण पाहा. इंटरफेसचे लिंक डाऊन-अप झालेच नसतील, तर रीबूटही बहुधा झालेला नाही.

तीव्रतेचंही असंच. सिसलॉगमध्ये ० ते ७ पातळ्या असतात आणि ० सर्वात गंभीर. नवीन माणसाला हे उलटं वाटतं. झॅबिक्स या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या पातळ्या वेगळ्या, 'नॉट क्लासिफाइड'पासून 'डिझास्टर'पर्यंत सहा. पण या सगळ्या पातळ्या उपकरणाच्या किंवा नियम लिहिणाऱ्याच्या नजरेतून आलेल्या असतात. दोन पॉवर सप्लायपैकी एक गेला तर ग्राहकाला काहीच जाणवत नाही. तरीही ते तिकीट मी तळाशी जाऊ देत नाही, कारण दुसरा गेला की सगळंच बंद.

फ्लॅप होणाऱ्या, म्हणजे सारखी बंद-चालू होणाऱ्या, लिंकसाठी दर वेळी नवं तिकीट उघडू नका. नागिऑस शेवटच्या २१ तपासण्यांचे निकाल पाहून फ्लॅपिंग ठरवतं आणि तेवढा काळ सूचना थांबवतं; स्क्रीन शांत होते, लिंक होत नाही. एकच तिकीट ठेवा, त्यात सीआरसी एररचे (खराब होऊन पोचलेल्या डेटाचे) आकडे आणि ऑप्टिकल रिसीव्ह पॉवर (पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद) वेळेसह नोंदवत जा. पॉवर हळूहळू घसरताना दिसली, तर फील्ड टीमला कनेक्टर साफ करायचा की केबल तपासायची हे बोलता येतं.

अ‍ॅक्नॉलेजचं बटण तिकीट क्रमांक लिहिल्याशिवाय दाबू नये. नागिऑसमध्ये ते दाबलं की त्या बिघाडाच्या पुढच्या सूचना थांबतात, म्हणजे इतरांनी धरलेलं असतं की तुम्ही बघताय. आणि मेंटेनन्सचं वेळापत्रक आधी तपासा, हे वेगळं सांगायला नको.

आता लिहिण्याबद्दल. 'लिंक डाऊन, चेक केलं, ओके नाही' या नोंदीतून पुढच्या शिफ्टला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: '१४:०७ यूटीसी, राउटर २ चा पोर्ट ३ डाऊन. ट्रॅफिक बॅकअप लिंकवर गेलं, तिथे वापर ८० टक्के. रिसीव्ह पॉवर नाही, पलीकडच्या टोकालाही नाही. केबल तुटल्याचा अंदाज. १४:१५ ला फील्ड टीमला कळवलं, पुढची नोंद १४:४५ ला.' पाहिलेलं आणि अंदाज वेगळे ठेवले की चुकीच्या अंदाजामागे कुणी धावत नाही. टाइम झोन प्रत्येक वेळी लिहा.

पेंडिंग ही अवस्था जपून वापरा. बऱ्याच ठिकाणी त्या अवस्थेत एसएलएचं, म्हणजे ग्राहकाशी केलेल्या सेवा-कराराचं, घड्याळ थांबतं, म्हणून कामाचा ताण आला की तिकडे हात जातो. ९९.९ टक्के उपलब्धतेचा करार असेल, तर ३० दिवसांच्या महिन्यात बंद राहायला फक्त ४३ मिनिटं मिळतात. ग्राहक ती स्वतः मोजत असतो. तिकीट बंद करताना मूळ कारण सापडलं नसेल तर 'अज्ञात' असंच लिहा. 'रीबूटनंतर सुरळीत' हे कारण नाही. तोच बिघाड पुन्हा आला, की त्या प्रामाणिक 'अज्ञात'वरूनच प्रॉब्लेम रेकॉर्ड (मूळ कारण शोधायची वेगळी नोंद) उघडता येतो.

नोकरी लागायच्या आधीच सराव करायचा असेल, तर झॅबिक्स किंवा लिब्रेएनएमएस हे मॉनिटरिंग सॉफ्टवेअर व्हर्च्युअल मशीनवर बसवा, जीएनएस३ या नेटवर्कची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन-तीन राउटर जोडा आणि मधला एक इंटरफेस बंद करा. टीसीपीडंप हे पॅकेट दाखवणारं साधन १६२ पोर्टवर लावून कोणता ट्रॅप कधी आला ते बघा. मग आलेल्या सगळ्या ओळींसाठी एकच तिकीट लिहा आणि ते ज्याला यातलं काहीच ठाऊक नाही अशा मित्राला वाचायला द्या. तो जो पहिला प्रश्न विचारेल, त्याचं उत्तर तिकिटात घाला आणि पुन्हा वाचायला द्या.