जुना पीएस३ घेताय? जीबी बघू नका, मागचं स्टिकर बघा

मागे एका मित्राने सेकंडहँड पीएस३ (सोनीचा गेम खेळायचा डबा, प्लेस्टेशन ३) उचलला, ८० जीबीचा, विकणारा म्हणाला की याच्यावर पीएस२ च्या, म्हणजे आधीच्या प्लेस्टेशन २ च्या, डिस्क चालतात बिनधास्त घ्या, घरी आणून डिस्क टाकली तर काही नाही, ठणठण गोपाळ. गंमत म्हणजे तो विकणारा मुद्दाम फसवत होता असंही नसेल, कारण ८० जीबीचे पीएस३ दोन प्रकारचे आलेत, एकावर पीएस२ चालतो आणि दुसऱ्यावर नाही, आणि लांबून दोन्ही सेमच दिसतात. त्यात पीएस३ ची हार्डडिस्क म्हणजे लॅपटॉपवाली साधी अडीच इंची साटा, कोणीही बदलू शकतं, त्यामुळे "५०० जीबी आहे" वगैरे ऐकून मॉडेलबद्दल काहीच कळत नाही.

तर मशीन हातात घेतलं की आधी उलटं करा आणि मागचं स्टिकर वाचा. सुरुवातीच्या जाड मशीनवर सीईसीएच असं लिहून पुढे एक अक्षर असतं आणि मग दोन आकडे. सगळा खेळ त्या एका अक्षराचा.

ए किंवा बी असेल तर जॅकपॉट. हे नोव्हेंबर २००६ मध्ये जपान आणि अमेरिकेत आलेले पहिले, ए म्हणजे ६० जीबी, बी म्हणजे २० जीबी (बी मध्ये वायफाय आणि मेमरी कार्ड रीडर नाही). यांच्या बोर्डावर पीएस२ चा प्रोसेसर इमोशन इंजिन आणि ग्राफिक्स चिप दोन्ही खरोखर बसवलेल्या आहेत, म्हणजे पीएस३ च्या पोटात अख्खा पीएस२ च समजा, त्यामुळे जवळपास सगळं चालतं.

सी किंवा ई असेल तर अर्धं काम. मार्च २००७ ला युरोपात मशीन आलं तेव्हा सोनीने खर्च कमी करायला इमोशन इंजिन काढून टाकलं, ग्राफिक्स चिप ठेवली, आणि प्रोसेसरचं काम सॉफ्टवेअरवर ढकललं. तो ६० जीबीवाला सी, आणि त्याच वर्षी अमेरिकेत आलेला ८० जीबीवाला ई. बऱ्याच गेम नीट चालतात, काहींमध्ये चित्र फाटतं, आवाज अडखळतो, काही मधेच हँग होतात. तुमची आवडती गेम कुठली ते ठरलेलं असेल तर ती डिस्क सोबत घेऊनच मशीन बघायला जा, अर्धा तास खेळून बघा, नुसता मेनू आला म्हणून पैसे देऊ नका.

जी आणि त्यापुढचं कुठलंही अक्षर असेल, किंवा सीईसीएच नंतर अक्षराऐवजी थेट आकडे असतील (स्लिम, सुपर स्लिम), तर विषय संपला. २००७ च्या शेवटी आलेल्या ४० जीबीपासून दोन्ही चिपा गेल्या, नंतरचा दुसरा ८० जीबी, २००९ चा स्लिम, २०१२ चा सुपर स्लिम, कशावरच पीएस२ ची डिस्क चालत नाही. अपडेट मारून पण नाही, चिपच नाही तर अपडेट काय करणार.

स्टिकर खरवडलेलं असेल तर पुढचे यूएसबी मोजा. चार असतील तर ए, बी, सी, ई पैकी काहीतरी, दोनच असतील तर सोडून द्या. पीएस१ च्या डिस्क मात्र सगळ्याच पीएस३ वर चालतात, सुपर स्लिमवर पण.

आता आपल्याकडची खरी मेख. पीएस३ च्या गेम जवळपास कुठल्याही देशातल्या चालतात म्हणून लोकांना वाटतं पीएस२ च्या पण चालतील, पण पीएस१ आणि पीएस२ च्या डिस्कना रीजन लॉक आहे, म्हणजे ज्या भागाची डिस्क त्याच भागाच्या मशीनवर चालते. भारतात अधिकृत आलेल्या पीएस२ डिस्क पाल (PAL, युरोप आणि आपल्याकडचा रीजन) वाल्या, अगदी २००९ ला आलेली 'हनुमान: बॉय वॉरियर' पण. आणि ए, बी मॉडेल पाल मध्ये आलंच नाही! म्हणजे अमेरिकेतल्या चुलतभावाकडून हौसेने ए मागवलात तर त्यावर तुमच्या इथल्या डिस्क चालणार नाहीत, तिकडच्याच डिस्क पण आणायला सांगा. इथल्या डिस्कसाठी पाल चा सी शोधावा लागतो. अमेरिकन मशीनच्या स्टिकरवर व्होल्टेज पण वाचा, फक्त १२० लिहिलं असेल तर स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मरशिवाय प्लग लावू नका.

आणि हो, आपल्यातल्या अर्ध्या लोकांचा पीएस२ चिप मारलेला होता (कॉपी केलेल्या डिस्क चालाव्यात म्हणून) आणि डिस्क राइट केलेल्या, हे आपण सगळे जाणतो 😄 त्या डिस्क साध्या पीएस३ वर चालत नाहीत, ओरिजिनलच लागते.

बरोबर मशीन मिळालं तरी डिस्क टाकून लगेच खेळायला बसू नका, आधी मेमरी कार्ड बनवा, नाहीतर तीन तास खेळून सेव्ह करायला जाल आणि कपाळाला हात लावाल. मेनूमध्ये गेम, त्यात मेमरी कार्ड युटिलिटी, तिथे नवीन इंटर्नल मेमरी कार्ड बनवा, प्रकार पीएस२ निवडा (पीएस१ चं वेगळं बनवावं लागतं), नाव द्या, मग त्यावर ट्रँगल दाबून स्लॉट १ ला लावा. हे शेवटचं बरेच जण विसरतात, कार्ड बनतं पण स्लॉटला लागलेलं नसतं. जुन्या खऱ्या कार्डावरचे सेव्ह आणायचे असतील तर सोनीचा यूएसबी अडॅप्टर होता, आता मिळाला तर नशीब.

सोबत आलेला कंट्रोलर सिक्सअ‍ॅक्सिस असेल तर तो थरथरत नाही, ड्युअलशॉक ३ घ्या. मोठ्या टीव्हीवर चित्र भुरकट दिसलं तर सेटिंग्जमध्ये गेम सेटिंग्ज, तिथे अपस्केलर आणि स्मूदिंग दोन्ही चालू-बंद करून बघा. मला स्मूदिंग आवडत नाही, सगळं साबण लावल्यासारखं दिसतं.

ही पहिली मशीन तापतात पण भरपूर, शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवू नका, आणि घेताना किमान तासभर चालू ठेवून बघा. चालू केल्यावर पिवळा दिवा लागून मशीन बंद पडलं तर विकणारा कितीही म्हणाला "किरकोळ आहे, होऊन जाईल", तिथूनच परत फिरा.

मला विचाराल तर, फक्त पीएस२ च खेळायचा असेल तर सरळ चालू स्थितीतला एक पीएस२ घ्या आणि कुठलाही स्लिम पीएस३ वेगळा ठेवा. ए किंवा सी च्या मागे तेव्हाच लागा जेव्हा टीव्हीखाली एकच डबा हवाय आणि तो बंद पडला तर रिपेअर करणारा माणूस ओळखीचा आहे.