मुलांच्या हाती पैसे देताना आईबाबांनी या चुका टाळा

गेल्या दिवाळीत माझ्या मुलाने नागपुरात बर्डीच्या फुटपाथवरून 900 रुपयांचे इअरबड आणले. दहाव्या दिवशी डावा कान बंद पडला. बिल नव्हतं, आणि विकणारा त्या जागेवर नव्हता. त्याचा उतरलेला चेहरा मला पाहवला नाही. मी 900 रुपये पुन्हा त्याच्या हातावर ठेवले. तो त्याच गल्लीत गेला आणि तसलेच इअरबड घेऊन आला.

चूक त्याची नव्हती, माझी होती. पैसे बुडाल्याची जी टोचणी त्याला लागायला हवी होती, ती मीच पुसून टाकली. चौदा ते अठरा वयाच्या मुलांच्या घरात हीच चूक सगळ्यात जास्त होते: महिन्याच्या मध्येच पैसे भरून देणं. आपल्याला ती माया वाटते. मुलाला मात्र एवढंच कळतं की संपले तर मिळतात.

यंदा जुलैत पुन्हा तशीच वेळ आली. तो अकरावीत आहे, महिन्याला 1,500 रुपये मिळतात. चार तारखेला धरमपेठेत मित्राच्या वाढदिवसाला सहा जण बसले. बिल झालं 1,380. सगळे नंतर देतो म्हणाले आणि याने एकट्याने स्कॅन करून टाकलं. माणशी 230. दोघांनी त्याच रात्री दिले, तिघांनी दिले नाहीत. हाती उरले 580 आणि महिना अख्खा पुढे.

मी म्हटलं, "माग ना त्यांना."

"मित्राला पैसे मागू कसा, आई? चांगलं वाटते का ते?"

एका मुलाची आई माझ्या ओळखीची आहे. फोन हातात घेतला होता, तो खाली ठेवला. अठरा तारखेला त्याचा रिचार्ज संपला. घरी वायफाय होतं, बाहेर काही नव्हतं. क्लासहून येताना मेट्रो सोडून सायकल काढली, भर पावसात. आजीचा जीव खालीवर. "एवढं काय बाई, लेकरू आहे," म्हणत त्यांनी पदराची गाठ सोडलीच होती. मी त्यांना हात जोडून थांबवलं. आजी-आजोबा, मामा, आत्या यांना आधीच विश्वासात घ्या. एका खोलीत नाही म्हटलेलं दुसऱ्या खोलीत मिळत असेल, तर तुमच्या नाही म्हणण्याला काही अर्थ उरत नाही.

बावीस तारखेला त्याने स्वतःच विचारलं आणि दोघांनी पैसे दिले. तिसऱ्याचे 230 अजून यायचे आहेत. त्यावर मी एक शब्द बोलले नाही, आणि हे सगळ्यात कठीण गेलं. चूक झाल्यावर जेवायच्या ताटावर सुनावणी घेऊ नका. मूल आधीच भोगत असतं. वर आपण "मी सांगितलं होतं ना" म्हटलं की पुढच्या वेळी ते चूक लपवतं, आणि लपवलेली चूक मोठी होत जाते. विचारायचंच असेल तर दोन-चार दिवसांनी, सायकलचं पंक्चर काढायला सोबत गेल्यावर, सहज विचारा.

दुसरी चूक : पैशात काय काय येतं ते ठरवतच नाही. मग वही आली, झेरॉक्स आली, की रोज भांडण. आम्ही कागदावर लिहून फ्रिजवर लावलं आहे. क्लासला जाणं-येणं, रिचार्ज, बाहेरचं खाणं, मित्रांच्या भेटवस्तू त्याच्या पैशातून. फी, पुस्तकं, औषध आमच्याकडून. खाणं म्हणजे तर्री पोहेसुद्धा.

आपल्याच फोनवरून पैसे भरू देणं हीही चूकच. त्यात मुलाला शिल्लक दिसतच नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या नियमांप्रमाणे दहा वर्षांवरची मुलं बचत खातं स्वतः चालवू शकतात. किती रकमेपर्यंत आणि कोणत्या सोयींसह, ते प्रत्येक बँक ठरवते. आपल्या शाखेत विचारा. हे खातं उणे जाऊ देत नाहीत, त्यामुळे बुडाले तरी तेवढेच बुडतात. आठवी-नववीच्या मुलाला मात्र पहिले काही महिने नोटाच द्या. पाकीट हलकं झालेलं हाताला कळतं.

आणि तान्ह्या पोळ्याचा बोजारा! लाकडी बैल घेऊन दारोदार फिरून लेकरं पैसे जमवतात आणि आपण "दे, मी ठेवते" म्हणतो. ते पैसे पुन्हा त्यांना दिसत नाहीत. ठेवायचेच असतील तर त्यांच्या नावाने, त्यांच्यासमोर ठेवा.

काही चुका मात्र होऊ देऊच नका. "तुझं खातं वापरू दे, हजार रुपये देतो" असं कोणी म्हटलं, तर ते फसवणुकीचे पैसे फिरवायला असतं, आणि पोलीस खातेदारापर्यंतच पोहोचतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये बंदीचा कायदा केला, तरी लिंक येतच राहतात. पैसे येण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे मुलाकडून वदवून घ्या. झटपट कर्ज देणारी ॲप फोनवर दिसली तर त्याच दिवशी बसून बोला.

यातलं काही आधीच घडलं असेल, तर रागवायचं नंतर पाहा. पैसे गेले असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा; जितकं लवकर, तितकी रक्कम अडवायची शक्यता जास्त. मुलाला शेजारी बसवूनच फोन लावा. काय झालं ते त्यालाच सांगू द्या.