पट्टकदंब चरतात कुठे? जाण्याआधीची तयारी

पट्टकदंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले, हिवाळ्यात आपल्याकडे येणारे हंस) मार्चमध्ये तिबेट-मंगोलियाकडे परतू लागतात, म्हणून फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा धरा. उजनी धरणावर जा किंवा पैठणच्या नाथसागरावर (जायकवाडीचा जलाशय), डिसेंबरच्या नोंदींवर विसंबू नका. पाणी ओसरेल तशी गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळावरची पेरणी) पुढे सरकते आणि थवेही तिच्यामागे. वरच्या रानात हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, तेव्हा पाण्यालगत उशिरा पेरलेला गहू अजून वीतभर असतो. आधी तोच बघा. या पक्ष्यांना पाला नीट पचत नाही, खाल्लेलं तास-दोन तासांत बाहेर पडतं. म्हणून प्रथिनं जास्त नि चोथा कमी असा कोवळा पालाच त्यांना परवडतो. शिवाय मान खाली असतानाही चौफेर दिसायला हवं. उसाला किंवा वेड्या बाभळींना लागून असलेला तुकडा कितीही हिरवा असला तरी यादीतून काढा.

आदल्या दिवशी दुपारीच पोचा. थवा तेव्हा काठावर नाहीतर बेटावर विसावलेला असतो. सूर्यास्तानंतर पाऊण तास थांबून तो कोणत्या दिशेला उठला ते टिपा. चरणं बहुतेक रात्री चालतं. सकाळी नऊला शेतं धुंडाळणाऱ्याला तिथे टिटव्याच भेटतात.

दुसऱ्या दिवशी शेतमालकाला विचारून बांधावरून फिरा. सुतळी नि चार खुंट्यांची एक मीटरची चौकट न्या आणि दहा ठिकाणी ठेवून विष्ठेच्या कांड्या मोजा. ताजी कांडी हिरवट, ओलसर. जुनी फिकट, बोटाने दाबली की गवताचे धागे सुटणारी. दोन्ही वेगळ्या मोजा, नाहीतर आठवड्यापूर्वी सोडलेलं शेत चालू वाटेल. चक्रवाक बदकंही इथेच चरतात, पण त्यांच्या कांड्या बारीक असतात.

अर्ध्या चड्डीत हरभऱ्यात शिरू नका, पाल्यावरच्या आंबेने (आंबट रसाने) पोटऱ्या चुरचुरतात. हातात काठी हवीच: गाळावरची वाळलेली पापडी भक्कम दिसते, खाली गुडघाभर चिखल असतो. ८ बाय ४२ची दुर्बीण पुरते, मात्र मानेतली कॉलर (ओळखीसाठी घातलेलं अक्षरांचं रंगीत कडं) वाचायला स्कोप लागतो. मंगोलियात कॉलर घातलेले पक्षी आपल्याकडे दिसले आहेत. कॉलरचा रंग, अक्षरं, जागा आणि तारीख लिहून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा. रात्री थवा चरताना पाहायला गेलात तर टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन कागद लावा, थव्यावर झोत टाकू नका. दोनशे मीटर अंतर ठेवा आणि निम्म्या माना ताठ झाल्या की मागे सरा. थवा उठला तर त्या रात्रीची मोजणी गेली.