पायकॅश: दर बदलला, तरी बिल जुनंच

पिपने, म्हणजे पायथनच्या इन्स्टॉल करणाऱ्या टूलने, पॅकेज टाकलं की ‘साइट-पॅकेजेस’ या पॅकेजेसच्या फोल्डरमध्ये जागोजागी ‘पायकॅश’ नावाची फोल्डरं का उगवतात, हे पहिल्या नोकरीत मी कुणाला विचारलंच नाही. तुम्ही विचारा.

पायथन तुमच्या कोडचा आधी बाइटकोड, म्हणजे त्याला थेट चालवता येईल असं रूप, करतो, मग तो चालवतो. इंपोर्ट केलेल्या मॉड्यूलचा बाइटकोड डॉट-पीवायसी फाइलमध्ये साठवला की पुढच्या वेळी ते काम वाचतं. पिप हे इन्स्टॉल करतानाच उरकतो, आणि ते बरंच आहे. सिस्टिमच्या फोल्डरमध्ये साध्या युजरला लिहायची परवानगी नसते, त्यामुळे नंतर ती फाइल तयारच होणार नाही. तयार पीवायसीमुळे प्रोग्राम लवकर सुरू होतो. चालण्याचा वेग मात्र तोच राहतो. २०११ मधल्या पायथन ३.२ पासून फाइलच्या नावात पायथनचं व्हर्जनही असतं, म्हणून दोन व्हर्जनचे पायथन एकमेकांच्या फाइली पुसत नाहीत.

आता मला नडलं ते. कोडमधला सवलतीचा दर १२ चा १५ केला आणि सर्व्हरवर चढवला. बिल जुन्याच दराने. फाइल उघडून पाहिली, तर १५. सर्व्हिस रीस्टार्ट केली, तरी १२. दोन दिवस मी स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेत बसलो.

पीवायसीच्या सुरुवातीला मूळ फाइलची बदलाची वेळ आणि बाइटमधला आकार लिहिलेला असतो. दोन्ही जुळले की पायथन मूळ कोड वाचतच नाही. आमची बिल्ड स्क्रिप्ट सगळ्या फाइलींवर एकच ठरावीक तारीख टाकायची. म्हणजे वेळ तीच. आणि १२ काय, १५ काय, अक्षरं दोनच, म्हणजे आकारही तोच! दर १२.५ केला असता, तर त्याच मिनिटाला चालला असता. इन्स्टॉलच्या शेवटी कंपाइलऑल, म्हणजे सगळ्या फाइलींचा बाइटकोड करणारं पायथनचं टूल, चालायचं, पण तेही वेळ जुळली की फाइल सोडून देतं. जबरदस्तीने कंपाइल करायला त्याला ‘एफ’ पर्याय द्यावा लागतो.

सीनियरने येऊन पायकॅश फोल्डर उडवलं, बिल बरोबर आलं, आणि तो जागेवर गेला. कारण सांगितलं नाही. असं शिकवणं मला अजिबात मान्य नाही. पुढच्या रिलीजला मी पुन्हा तिथेच अडकलो.

पायकॅश उडवायला घाबरू नका, परवानगी असेल तर ते पुन्हा तयार होतं. फक्त सुडो लावून, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने, प्रोजेक्ट चालवू नका. मग ती फोल्डरं रूटच्या, म्हणजे त्या अ‍ॅडमिनच्या, नावावर होतात आणि तुमच्याच प्रोजेक्टमधून तुम्हाला काढता येत नाहीत.