बाळंतपणानंतर ड्युटीवर परतताना: रोस्टरवर जे नाही ते होत नाही

हे मुख्यतः रेसिडेंट, म्हणजे ट्रेनिंगमधल्या डॉक्टर, आणि नव्यानेच कन्सल्टंट झालेल्या मुलींसाठी लिहितेय, नर्सिंगवाल्यांनाही बरंचसं लागू पडेल. रजा संपत आली की सगळ्यांना एकच टेन्शन, बाळ राहील का, बाटली घेईल का. अगं बाळं बहुतेक वेळा शिकतात, दोनचार दिवस रडारड होते आणि मग रुळतात. रुळत नाही ते हॉस्पिटल. मी परतले तेव्हा बाळ चार महिन्यांचं होतं आणि माझा प्लॅन काय, तर वेळ मिळेल तसं पंप करू, म्हणजे पंपाने दूध काढून बाळासाठी ठेवू. पहिल्याच दिवशी सकाळी आठला वॉर्डात शिरले ते दुपारी अडीचला एका पेशंटच्या बेडपाशी उभी असताना स्क्रब्जवर दोन ओले डाग, छाती दगडासारखी, आणि सर विचारतायत पोटॅशियम किती आलं. त्या दिवशी समजलं की आपल्या कामात "वेळ मिळेल तसं" याचा अर्थ कधीच नाही असा होतो.

म्हणून सगळ्यात आधी मेल. जॉइन व्हायच्या तीनचार आठवडे आधी, एचओडीला (विभागप्रमुखाला) आणि रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक, जो बनवतो त्याला, दोघांनाही एकाच मेलमध्ये. तोंडी सांगू नकोस, तोंडी सांगितलेलं "हो हो बघू" मध्ये जिरतं. मेलमध्ये "शक्य असेल तर", "त्रास देतेय त्याबद्दल सॉरी" असलं काही नको. सरळ लिही की अमुक तारखेपासून दहा तासांच्या ड्युटीत तीन वेळा, साडेदहा, दीड आणि साडेचार, प्रत्येकी २५ मिनिटं मी पंप करणार आहे, तेवढा वेळ माझा फोन अमुक जण धरेल आणि त्याच्या जेवणाच्या वेळी त्याचा मी धरीन. हे शेवटचं वाक्य फार कामाचं आहे, कारण को-रेसिडेंटचा राग तुझ्या पंपावर नसतो, त्याच्यावर न सांगता पडलेल्या कामावर असतो. खोलीचंही त्यातच लिही: आतून कडी, प्लग पॉइंट, वॉर्डापासून जवळ, आणि टॉयलेट नाही. हे कोणी उपकार करत नाहीये. आयएलओचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं, २००० सालचं १८३ नंबरचं कन्व्हेन्शन आहे, त्यात किमान १४ आठवडे रजा आणि परतल्यावर रोज स्तनपानासाठी ब्रेक, आणि तो ब्रेक कामाच्या वेळेतच धरायचा, असं स्पष्ट लिहिलंय. सगळ्या देशांनी ते स्वीकारलेलं नाही, त्यामुळे तुझ्याकडे नक्की काय नियम आहे ते एचआरकडून लेखी माग.

आता दुधाचा हिशोब, कारण इथे उगाच घाबरवलं जातं. फोटो बघतेस ना, अख्खा फ्रीझर पिशव्यांनी भरलेला? काही गरज नाही. एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसाला सरासरी ७५० मिलीच्या आसपास पितं, म्हणजे तू दूर असताना तासाला साधारण ३० मिली धर. दहा तासांची ड्युटी, जायला-यायला दोन तास, झाले ३६० मिली. पहिल्या दिवसाचं आणि वरचा एक दिवस हाताशी असला की झालं, कारण आज जे काढशील तेच उद्या बाळ पिणार. रजेच्या शेवटच्या दोन आठवड्यांत रोज सकाळच्या पहिल्या फीडनंतर एकदा पंप कर, प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करणारं हार्मोन, रात्री जास्त असतं म्हणून सकाळी दूध बरं येतं. आणि सांभाळणाऱ्या माणसाला सांग की बाटली आडवी धरून, मधे मधे थांबत, हळू पाजायची. नाहीतर बाळ पाच मिनिटांत सगळं गटकतं, वर अजून मागतं, आणि तुला वाटतं आपलंच दूध कमी पडतंय.

पंपाबद्दल एकच सांगते, बाकी कंपन्यांचं तुझं तू बघ. फनेलचा, म्हणजे छातीवर लावायच्या भागाचा, साइज मोज. डब्यात बऱ्याचदा २४ किंवा २८ मिमीचे येतात आणि खूप जणींना त्याहून लहान लागतो. दुखत असेल, निपलभोवतीचा भाग खूप आत ओढला जात असेल तर साइज चुकलाय, दूध कमी नाहीये. दोन्ही बाजूंचा एकत्र चालणारा पंप घे, पार्ट्सचे दोन सेट ठेव, एक जास्तीचा टॉप लॉकरमध्ये. आणि हाताने दूध काढायला शीक, प्लीज शीक, आपण आयांना वॉर्डात शिकवतो आणि स्वतःला येत नाही. ज्या दिवशी चार्जर घरी राहील किंवा कोड, म्हणजे हृदय बंद पडलेल्या पेशंटची धावपळ, संपवून तू तासाभराने मोकळी होशील त्या दिवशी तेच कामाला येतं. दूध उतरत नसेल तर आकड्यांकडे बघत बसू नकोस, टेन्शनमध्ये दूध उतरवणारा ऑक्सिटोसिनचा रिफ्लेक्स अडखळतो हे आपण पाठ केलंय ना, मग बाळाचा व्हिडिओ लाव आणि बाटलीवर मोजा चढव.

साठवायचं कसं तर ताजं दूध २५ डिग्रीपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस, फ्रीझरमध्ये सहा महिने उत्तम. आइस पॅक घातलेल्या इन्सुलेटेड बॅगेत २४ तास राहतं, त्यामुळे वॉर्डच्या फ्रिजवर अवलंबून राहायचीच गरज नाही. लसींच्या किंवा औषधांच्या फ्रिजमध्ये तर ठेवूच नकोस, तिथे दुसरं काही ठेवायचं नसतं आणि एखादी सिस्टर फेकून देईल, बरोबरच करेल ती. एकदा वितळवलेलं परत गोठवायचं नाही. दुधाला साबणासारखा वास आला तर बहुतेक वेळा ते लायपेज या दुधातल्या एन्झाइममुळे असतं, नासलेलं नसतं, पण काही बाळं ते तोंडात धरत नाहीत, तेव्हा साठवण करण्याआधीच एकदा तपासून बघ.

सर्जरीवाल्यांसाठी वेगळं

तुमचं जास्त अवघड आहे, मान्य. मोठी केस असेल तर स्क्रब व्हायच्या अगदी आधी पंप कर, अर्धा तास आधी नाही, अगदी आधी. टाइम आउटच्या वेळी, म्हणजे ऑपरेशनआधी टीम थांबून सगळं तपासते तेव्हा, सगळ्यांसमोर सांग, मी अमुक वाजता वीस मिनिटं बाहेर जाणार, कोणत्या स्टेपनंतर जायचं ते आत्ता ठरवू. ऐकायला धाडसी वाटतं पण केस मधेच सोडण्यापेक्षा आधी सांगून जाणं टीमला सोपं पडतं, आणि खरं सांगू, पाच तासांच्या केसमध्ये पुरुष सर्जनही चहाला बाहेर जातात, त्याला कोणी कमिटमेंट नाही असं म्हणत नाही.

एक्सरेपासून वाचवणाऱ्या लेड एप्रनचा प्रॉब्लेम वेगळा. तो जड असतोच, पण छातीवर दाब देतो आणि भरलेल्या छातीवर तासन्तास दाब म्हणजे गाठीला आमंत्रण. व्हेस्ट आणि स्कर्ट असा दोन भागांचा माग, वजन कमरेवर जातं, आणि साइज आत्ताच्या अंगाचा, आधीच्या नाही. एक्सरे किंवा सी-आर्ममुळे (ओटीतलं एक्सरे मशीन) दूध किरणोत्सारी होत नाही, ही भीती काढून टाक. न्यूक्लियर मेडिसिनमध्ये मात्र प्रकरण वेगळं, किरणोत्सारी आयोडीन १३१ दुधात उतरतं, तिथे काम असेल तर रेडिएशन सेफ्टी ऑफिसरशी बोलल्याशिवाय जॉइन होऊ नकोस. केमोची औषधं मिसळण्याच्या कामातून नाव काढून घे. भुलीच्या गॅसेससाठी ओटीत स्कॅव्हेंजिंग, म्हणजे गॅस बाहेर ओढून नेणारी यंत्रणा, चालू आहे ना ते बघ, हे खरं तर प्रत्येकाने बघायला हवं. आणि दुसऱ्यांदा दिवस गेलेत असं कळलं तर लगेच सांग, लपवू नकोस: आयसीआरपी या किरणोत्सर्ग सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या शिफारशीप्रमाणे गरोदरपण जाहीर केल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला साधारण १ मिलिसिव्हर्टच्या वर डोस जाऊ नये असं काम आखावं लागतं, पण तू जाहीरच केलं नाहीस तर आखणार कोण. डोस मोजणारा जास्तीचा बॅज पोटाच्या उंचीवर, एप्रनच्या आत.

गाठ, ताप, आणि ती सर्दीची गोळी

सेशन चुकलं, छातीत गाठ आली, लाल झालं, की आपल्याला जुनं आठवतं, जोरजोरात चोळा, गरम शेका, पूर्ण रिकामं करा. आता ते बदललंय. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिनने २०२२ मध्ये प्रोटोकॉल सुधारला, त्यात बर्फ, सूज कमी करणारं औषध, हलका हात आणि नेहमीइतकंच पाजणं. रिकामं करायच्या नादात जास्त पंप केलं तर दूध अजून वाढतं आणि सूजही. २४ तासांत उतरलं नाही, किंवा ताप आणि अंगदुखी वाढत गेली तर दुसऱ्या डॉक्टरला दाखव. दुसऱ्या. कॉरिडॉरमध्ये स्वतःच अँटिबायोटिक लिहून घेणं बंद.

आणि ड्युटी रूमच्या ड्रॉवरमधली सर्दीची गोळी उचलायच्या आधी मागचं वाच. स्यूडोएफेड्रिन असेल तर ठेव खाली, २००३ च्या एका छोट्या अभ्यासात ६० मिग्रॅच्या एकाच डोसने दिवसाचं दूध सुमारे २४ टक्क्यांनी कमी झालं होतं. माझ्या मैत्रिणीने तीन दिवस घेतली आणि दूध का आटलं म्हणून रडत बसली, ती फार्माकॉलॉजीत टॉपर होती बरं का.

कामावर हात बसेपर्यंत

चारसहा महिन्यांनी हात थोडा अडखळतो, सगळ्यांचाच. पहिल्या आठवड्यात एकटीने नाइट घेऊ नकोस, हेही त्या मेलमध्येच टाक. आधीच्या दोनतीन दिवसांत कोणासोबत तरी नुसती राउंडला जा, नवीन सॉफ्टवेअर, बदललेले डोस चार्ट, क्रॅश कार्टची (इमर्जन्सीच्या सामानाच्या गाडीची) जागा बघून घे. प्रोसिजरची स्वतःची यादी कर आणि पहिल्या दोनतीन देखरेखीखाली करायच्या आहेत असं सांग. ट्रेनिंगचे महिने पुढे ढकलले जाणार असतील तर कधीपर्यंत ते आत्ताच लेखी, परीक्षेच्या तोंडावर नाही.

पेशंटचं तर तुला माहितीच आहे, वीस मिनिटं तपासून सगळं समजावून सांगितल्यावर नातेवाईक विचारतात, डॉक्टर कधी येणार? त्यांना हसून सांगता येतं. जास्त टोचतं ते आपल्याच लोकांकडून. २०१७ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात ग्रँड राउंड्समध्ये, म्हणजे हॉस्पिटलमधल्या व्याख्यानांत, वक्त्यांच्या करून दिलेल्या ओळखी मोजल्या होत्या: पुरुषाने पुरुषाची ओळख करून देताना सुमारे ७२ टक्के वेळा डॉक्टर म्हटलं, बाईची करून देताना ४९ टक्के. त्यामुळे परतल्यावर पहिल्याच मीटिंगला स्वतःची ओळख स्वतः करून दे, पदासकट. नाहीतर महिनाभर तू फक्त "बाळवाली" असतेस.

घरी

इथे थोडक्यात, कारण प्रत्येकीचं घर वेगळं. नवऱ्याला "मदत कर" म्हणू नकोस, काम अख्खं दे. लसीकरणाच्या तारखा त्याच्या, म्हणजे लक्षात ठेवणं, अपॉइंटमेंट, नेणं, नंतरचा ताप, सगळं त्याचं, आणि तू विचारायचंही नाही. हे न विचारणं मला जमायला वर्ष गेलं.

नाइटनंतर मात्र एक गोष्ट कधीच नाही: सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन पाजत बसणं. तू दोन मिनिटांत झोपणार आहेस हे नक्की, आणि सोफ्यावर बाळासोबत झोप लागणं ही बाळासाठी सगळ्यात धोक्याच्या जागांपैकी एक आहे. झोप येण्याची शक्यता असेल तर उश्या-पांघरुणं काढलेल्या बेडवर पाज, ते त्यातल्या त्यात कमी धोक्याचं, आणि जागेवर कोणीतरी जागं माणूस असू दे जे बाळाला उचलून त्याच्या जागी ठेवेल. गाडी चालवून घरी येणं पण नको, दुसरं कोणी आणू दे किंवा ड्युटी रूममध्ये तासभर झोपून नीघ.

आणि एडिनबरा स्केल, बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची प्रश्नावली. दहा प्रश्न, १९८७ पासून वापरात, आपण दुसऱ्यांकडून भरून घेतो. परतल्यावर दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात स्वतः भर, खरं खरं. १३ किंवा वर आले तर कोणाला तरी दाखव, १० ते १२ असेल तर दोन आठवड्यांनी परत भर, आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलच्या दहाव्या प्रश्नाचं उत्तर "कधीच नाही" सोडून दुसरं काहीही असेल तर त्याच दिवशी. "मी थकलेय फक्त" हे आपण इतक्या सफाईने बोलतो की समोरचा डॉक्टरही फसतो.

पंप बंद करायची वेळ आली की एकदम बंद करू नकोस, तीनचार दिवसांनी एक सेशन कमी करत जा, आधी दुपारचं. संपल्यावर पंप ज्युनियरला देऊन टाकायचा मोह होतो, पण घरगुती वापराचे बरेच पंप एकाच बाईसाठी बनवलेले असतात, दूध आत मोटरपर्यंत जाऊ शकतं, तेव्हा तो नको. आइस पॅकची बॅग दे, कडी लागणाऱ्या खोलीचा नंबर दे, आणि रोस्टरचा तो मेल तारखा बदलून तसाच फॉरवर्ड कर.