स्लॅबवर थर्मल इन्सुलेशन: आधी पाणी, मग फोम

कोल्हापुरात हे काम मार्च-एप्रिलमध्येच उरका. वळीव सुरू झाला की स्लॅब नीट वाळत नाही, आणि ओल्या स्लॅबवर फोम टाकला की ओल खालीच कोंडते.

उष्णता स्लॅबमध्ये शिरण्याआधीच अडवायची, म्हणून थर वरून द्यायचा. आधी जुना पोपडा काढून भेगा भरा, वॉटरप्रूफिंग करा आणि 48 तास पाणी तुंबवून बघा. खाली डाग दिसला तर तिथेच थांबा. घाई करणाऱ्या ठेकेदाराचं इथे अजिबात ऐकू नका.

मग 40-50 मिमीचे एक्सपीएस (एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीन, म्हणजे कडक फोम) बोर्ड, सांधे एका रेषेत न येतील असे, फट न ठेवता बसवा. साधा थर्मोकोल इथे नको, तो पाणी धरतो. पेट्रोलसारखं द्रावण असलेला गोंद फोम विरघळवतो, त्यामुळे बोर्डासोबत चालणाराच गोंद घ्या. वर जिओटेक्स्टाइल कापड, त्यावर आउटलेटकडे उतार देऊन कोबा. फोम पेट घेतो. तो उघडा ठेवू नका, जवळ वेल्डिंग किंवा गॅसची टॉर्च नको.

50 मिमी कोब्याचं वजन चौरस मीटरला शंभर किलोच्या वर जातं. पेठेतल्या जुन्या घरांना स्ट्रक्चरल इंजिनिअर दाखवल्याशिवाय हा भार देऊ नका. कठडा नसेल तर कामगाराला सेफ्टी बेल्ट हवाच.

‘इको निवास संहिता 2018’ (घरांसाठीची केंद्राची ऊर्जा-बचत संहिता) नुसार छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे छतातून उष्णता किती सहज जाते त्याचं माप, 1.2 वॅट/चौ.मी.-केल्विनपेक्षा जास्त नको; जितका कमी तितका चांगला. बोर्ड घेताना टेस्ट रिपोर्ट मागा.