गुप्तचर खात्यातून निवृत्त झालात? सल्लागार होण्याआधी हे करा

शाल-श्रीफळ घेऊन घरी आलात की थोड्याच दिवसांत कुणीतरी म्हणतं, "साहेब, आमच्या संघटनेला जरा सल्ला द्या ना." लगेच हो म्हणू नका. आधी पेन्शनचे कागद काढा. ३१ मे २०२१ च्या दुरुस्तीनुसार केंद्राच्या गुप्तचर संस्थांतून निवृत्त झालेल्यांना संस्थेचं काम, तिथली माणसं किंवा तिथे कमावलेलं ज्ञान यांवर काहीही छापायचं तर संस्थाप्रमुखांची पूर्वपरवानगी लागते. तसं लिहून दिलेलं हमीपत्र मोडलं तर गदा थेट पेन्शनवर. गट 'अ'चे असाल तर पहिलं वर्ष खासगी नोकरीलाही सरकारची परवानगी हवी.

मग सरकारला काय करावं ते सुचवणाऱ्या टिपणासाठी विषय घ्या, एकच. 'राष्ट्रीय सुरक्षा' नको, तिच्यावर टीव्हीत बोलणारे उदंड आहेत. मी कुठल्या टेबलावर होतो ते सांगणार नाही. पण राहतो नाशकात, म्हणून धरला कांदा आणि बांगलादेश. ते आपलं मोठं गिऱ्हाईक. २९ सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी झाली. पाच दिवसांनी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत जाहीर कार्यक्रमात हसत म्हणाल्या, स्वयंपाक्याला बिनकांद्याचं करायला सांगितलंय, जरा आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. पुन्हा बंदी सप्टेंबर २०२० मध्ये, पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये. लासलगावचा भाव कोसळलेला सगळ्यांना दिसतो. ढाक्याचा व्यापारी दुसरा देश शोधायला लागतो, ते कुणी लिहीत नाही. ते तुम्ही लिहा.

माहिती उघड्यावरची वापरा: विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचना, बाजार समितीची रोजची आवक आणि भाव, ढाक्याची इंग्रजी वर्तमानपत्रं. बांगलादेश सीमेवरच्या पेट्रापोल नाक्याला अडकलेल्या ट्रकवाल्याचा फोनही चालेल, पण माणसाचा भरवसा वेगळा जोखा, बातमीचा वेगळा. सरळ माणूससुद्धा ढाब्यावर ऐकलेलंच सांगत असतो. (ही प्रतवारी गुपित नाही, जगभरच्या पुस्तकांत छापलेली आहे.)

लिहिताना मात्र जुनी सवय आडवी येते. खात्यात आपण बातमी वर पाठवायचो, काय करायचं ते वरचे ठरवायचे. इथे 'काय करावं' ते पहिल्याच ओळीत हवं: बंदी घालायचीच तर वाटेतला माल जाऊ द्या आणि शेजाऱ्याला आधी कळवा. त्याखाली, यात कुणाचं नुकसान होईल ते. शहरात कांदा महागला तर ओरड होणार, तेही लिहा. कांदाचाळीत उन्हाळ कांदा धरून बसलेल्या येवल्याच्या शेतकऱ्याचीच बाजू मांडलीत तर केंद्राच्या मंत्रालयात टिपण बाजूला पडेल. 'विश्वसनीय सूत्रांनुसार' हे शब्द कायमचे बंद. वाचणाऱ्याला प्रत्येक आकडा स्वतः तपासता आला पाहिजे.

दोन पानं पुरेत. मानधन व्यापारी संघटनेकडून घेतलं असेल तर तसं पहिल्याच पानावर लिहा, आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव घालून सही करा. पहिल्यांदा हात जरा अडखळतो.